आडिवरेकर साहेबांचे पर्याय

आडिवरेकर साहेबांना "चहा घेणार का?" असं विचारलंत तर ते उत्तरच देत नाहीत. नुसते चष्म्यावरून बघत राहतात. त्यांना विचारायची पद्धत वेगळी. "साहेब, साखरेच्या चहासाठी एक, बिनसाखरेच्या चहासाठी दोन, नको असल्यास तीन," असं म्हटलं की ते हवेत बोट टेकवतात, जसं काही समोर बटणंच लावलीत, आणि म्हणतात, "एक." मी इथे नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, गेला हा माणूस कामातून. आता मीच घरी नवऱ्याला विचारते, "बोंबलासाठी एक, अंड्यासाठी दोन." तो बिचारा दोन म्हणतो आणि मी बोंबील तळते, तो भाग वेगळा.

आमचं ऑफिस काशीमिऱ्याला, हायवेला लागूनच. खाली टायरवाला, वर आम्ही. तुम्ही एखाद्या दवाखान्यात, गोडाउनला, नाहीतर लग्नाच्या हॉलला फोन लावता आणि पलीकडून एक बाई म्हणते, "नमस्कार, आपलं स्वागत आहे, मराठीसाठी एक दाबा," ती सगळी यंत्रणा आम्ही बसवतो. एकदम हजार लोकांना जाणारे फोन, व्हॉट्सॲपवर आपोआप जाणारे निरोप, हेही आमचंच. आणि ती बाई म्हणजे मी. हो, मीच. मार्था, मुक्काम उत्तन. मीरा-भाईंदरात माझा आवाज ऐकला नाही असा माणूस शोधून दाखवा.

खोटं वाटतंय? एकदा नया नगरात रिक्षात बसले आणि म्हटलं, "भैया, स्टेशन." त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आप वो हॉस्पिटलवाली हो ना? दो दबाओ, तीन दबाओ?" मी म्हटलं, हो, मैं ही हूँ. तर म्हणतो कसा, "आपने मुझे बहुत घुमाया है, मॅडम. आज मैं घुमाऊँ क्या?" पण सरळ स्टेशनला आणून सोडलं. माणूस चांगला होता.

माझी सासू तर कहरच. तिने गुडघ्याच्या डॉक्टरकडे फोन लावला आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर तोंडाचा पट्टा सुरू केला. "मार्था, माझ्याशी असं परक्यासारखं नको बोलू! डॉक्टर हाय का न्हाय, येवढंच सांग!" मी आपली तिकडून शांतपणे, हिंदीसाठी दोन दाबा. संध्याकाळी घरी गेले तर बाई माझ्याशी बोलेना. "घरच्या माणसाला नंबर दाबायला सांगते," असं शेजारणीला मोठ्याने ऐकवत होती. तिला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. अजून तिला वाटतं की मी दवाखान्यात बसून मुद्दाम करते.

हा आवाज साहेबांनी शोधला. मी आले होते रिसेप्शनिस्ट म्हणून. एका ट्रकवाल्याने आमच्या जिन्यासमोरच गाडी लावली होती, तर मी खिडकीतून त्याला झापलं. साहेब आतून धावत आले. मला वाटलं, पहिल्याच आठवड्यात नोकरी गेली. ते म्हणाले, "परत बोल." मी म्हटलं, काय? "तेच बोल. जरब आहे, पण कडवटपणा नाही. ट्रकवाला गाडी काढताना हसत होता, बघितलंस?" तेव्हापासून मी मागच्या खोलीत, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, पंखा बंद, घामाच्या धारा लागलेल्या, आणि हायवेवर हॉर्न. एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ट्रकचा हॉर्न राहून गेला. मी म्हटलं, पुन्हा करूया. साहेबांनी मालकाला ऐकवलं, तर मालक खूश. "ओरिजिनल वाटतंय," म्हणाला. अजून तसंच वाजतं.

साहेबांचं एक वाक्य ठरलेलं. "पर्याय द्या, माणूस थंड होतो." गिऱ्हाइकाला सांगतील, आम्हाला सांगतील, सिग्नलला भांडणाऱ्या दोघांना काच खाली करून सांगतील. पण नुसती बडबड नाही हं. आमच्या उत्तनच्या बर्फ कारखान्याचं काम मी त्यांना मिळवून दिलं होतं. तिथल्या मालकाचा फोन दिवसभर खणखणायचा, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "बर्फ हाय का?" साहेब एक सकाळ तिथे माशांच्या टोपलीशेजारी बसून नुसतं ऐकत राहिले. मग त्यांनी यंत्रणा लावली. फोन उचलला की आधीच सांगायचं, "आज बर्फ आहे." किंवा, "आज बर्फ नाही, उद्या या." संपलं! कुठलं बटण नाही, काही नाही. फक्त शेवटी एक वाक्य, "मालकाशी भांडायचं असल्यास नऊ दाबा." सगळ्यात जास्त नऊच दाबलं जातं. पण मालक म्हणतो, दाबून येणारा माणूस निम्मा थंड होऊन येतो. आमचे नाखवे बंदरावर उभे राहून मशीनशी बोलायला लागले, ते या माणसामुळे. मला विचाराल तर मला त्याचा अभिमान आहे, आणि मी तो लपवत नाही.

साहेबांच्या घरचं आम्हाला फारसं माहीत नव्हतं. इंद्रलोकमध्ये राहतात, मुलगी मानसी बँकेत, वहिनींना बरं नसतं, एवढंच. मात्र नवरा-बायकोचं प्रेम आम्ही रोज बघायचो. दिवसातून कितीतरी वेळा त्यांचा मोबाइल एका ठरावीक सुरात वाजायचा. कितीही मोठं गिऱ्हाईक समोर असो, साहेब फोन कानाला लावायचे, ऐकायचे आणि म्हणायचे, "हो, आणतो." नाहीतर, "बरं, बरं, रागावू नकोस." आम्ही पोरी एकमेकींना डोळा मारायचो. या वयातसुद्धा बायको एवढी धाकात ठेवते म्हणजे कमाल आहे, असं आमचं मत होतं.

मग मानसीचं लग्न ठरलं. साहेब पेढे घेऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी गादीच्या खोलीत स्वतः घुसले. मला बाहेर ठेवलं. बाहेर आले ते विजयी मुद्रेने, आणि मला ऐकवलं.

"नमस्कार. मी दत्ताराम आडिवरेकर. आमची कन्या मानसी हिच्या शुभविवाहास आपण अगत्याने यावे ही विनंती. सहकुटुंब येणार असल्यास एक दाबा. एकटे येणार असल्यास दोन दाबा. फक्त आशीर्वाद द्यायचे असल्यास तीन दाबा. हे आमंत्रण पुन्हा ऐकण्यासाठी चार दाबा."

मी कपाळाला हात लावला. "साहेब, हे बाहेरच्या लोकांना ठीक आहे. घरच्यांना पण?"

"सगळ्यांना. एका बटणावर."

"आमच्याकडे दारात जाऊन आवतन दिल्याशिवाय शेजारी येत नाही. भिंतीला भिंत लागलेली असली तरी जाऊन कडी वाजवावी लागते. तुमच्या रत्नागिरीत काय वेगळं आहे?"

"मार्था, जग कुठे चाललंय आणि तू कुठे आहेस," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. भाऊबंद, मामाकडचे, मेव्हणे, गाववाले, भाईंदरपासून थेट राजापुरापर्यंत सगळीकडे फोन वाजले. त्यात आणखी एक घोळ झाला. आमच्या यंत्रणेत प्रत्येक कॉलच्या शेवटी माझं एक वाक्य आपोआप लागतं, ते काढायचं राहिलं. म्हणजे लग्नाचं आमंत्रण संपलं की मी बोलायची, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

संध्याकाळी साहेब स्क्रीनसमोर बसले. एक दाबणारं जवळजवळ कोणी नव्हतं. बहुतेकांनी मध्येच फोन कापला होता. एका नंबरवरून मात्र चार दाबून, दाबून, दाबून ऐकलेलं दिसत होतं.

"लाइनचा प्रॉब्लेम असेल," साहेब म्हणाले. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर लावून बघितलं. लाइन स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन मी उचलला तर पलीकडे सुमतीकाकू. साहेबांच्या सख्ख्या काकू, नवघर रोडला राहतात, आणि आडिवरेकरांच्या घरात त्या बोलतील ती पूर्वदिशा. मी नमस्कार म्हटलं.

"मशीन आहेस की माणूस?"

"माणूस आहे, काकू."

"मग ऐक. दत्त्याला सांग, मशीनला पाठवलंन ना बोलवायला? आता पंगतीला मशीनलाच बसव म्हणावं. आमच्यात जोडीने येतात, कुंकू लावतात, हातावर अक्षत ठेवतात, मग आम्ही जागचे हलतो. आमच्यातलं कोणी येणार नाही. मी सगळ्यांना फोन करून सांगितलंय. आणि आमचे हे येडे, काल दुपारभर तेच ऐकत बसले होते. म्हणतात, पोरगी शेवटी छान बोलते!"

ती शेवटची पोरगी मीच, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. साहेबांना निरोप दिला. त्यांनी ऐकून घेतलं, हवेत बोट वर केलं आणि कुठलाच आकडा न दाबता खाली घेतलं. दोन दिवस बघितलं. काकूंकडे जायचं नाव नाही. हॉल ठरलेला, नवऱ्या मुलाकडचं वऱ्हाड दणक्यात येणार, आणि मुलीकडच्या खुर्च्या रिकाम्या राहणार. लग्न मोडत नाही याने, पण पोरीच्या मनातून ते जन्मभर जात नाही.

तिसऱ्या दिवशी मानसीचा मला फोन आला. "मार्थाताई, बाबा ऐकत नाहीत. दारोदार जायचं म्हटलं की उठून गॅलरीत जातात. तुम्ही आज घरी येता का? तुमचं ऐकतील." मी साहेबांना दातांच्या डॉक्टरचं कारण सांगितलं आणि रिक्षा पकडली.

वहिनी खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. नीट नेसलेली साडी, कपाळाला कुंकू, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मी म्हटलं, "वहिनी, कशा आहात?" त्या हसऱ्या डोळ्यांनी मान हलवत राहिल्या. मानसी हळूच म्हणाली, "आईला समजतं सगळं. बोलता येत नाही. झटका आला तेव्हापासून."

मला काही सुधरेना. "अगं, पण साहेब तर रोज फोनवर यांच्याशी..."

वहिनींना माझ्या चेहऱ्यावरून कळलं असणार. त्यांच्या शेजारी टेबलावर मोठ्या बटणांचा एक फोन होता, प्रत्येक बटणावर चित्र चिकटवलेलं. ताट, गोळी, भाजीची जुडी, घड्याळ. त्यांनी डाव्या हाताने ताटाचं बटण दाबलं. रिंग गेली. आणि मी ऐकलं, माझाच आवाज. "मी जेवले. तुम्ही जेवलात का?"

पलीकडून साहेब, "हो, आत्ताच डबा संपवला. भेंडी बरी झाली होती की गं!"

तेव्हा कुठे मला आठवलं. मागे एकदा साहेबांनी माझ्याकडून अशी पंधरा-वीस वाक्यं बोलून घेतली होती. येताना कोथिंबीर आणा. औषध घेतलं. लवकर या. मला वाटलं होतं, असेल कुठल्या तरी गिऱ्हाइकाचं. एकेका वाक्यासाठी त्यांनी मला छळलं होतं. "असं नाही, जरा रागावून. रागावून, पण प्रेमाने." मी वैतागून म्हटलं होतं, अहो साहेब, कोथिंबीर आणायला सांगण्यात कसलं आलंय प्रेम! त्यांनी पुन्हा रेकॉर्डचं बटण दाबलं होतं.

"आवाज आईनेच निवडला," मानसी म्हणाली. "बाबांनी चार-पाच जणींचे ऐकवले होते. आईने तुमच्यावर बोट ठेवलं."

मला रडूच आलं. तिथेच, त्यांच्या सोफ्यावर बसून मी भडाभडा रडले. माझ्या आवाजाने लोकांना डॉक्टर मिळाले, ट्रक मिळाले, बर्फ मिळाला, ते मी केवढं मिरवत होते. आणि या घरात तो आवाज संसार करत होता, याचा मला पत्ताच नव्हता. वहिनींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खरं तर मी त्यांना धीर द्यायचा!

संध्याकाळपर्यंत मी तिथेच थांबले. साहेब घरी आले, मला बघितलं आणि म्हणाले, "दात कसे आहेत?"

"दात मरू देत. काकूंकडे का जात नाही, ते सांगा."

बराच वेळ ते बूट काढत बसले. मग बोलले, माझ्याकडे न बघता. "एका बारशाला नेलं होतं हिला. बरी झाल्यावर, पहिल्यांदाच. ही माझ्या शेजारी बसलेली आणि सगळे विचारतायत मला. जेवते का? माणसं ओळखते का? पाणी हवं का, तेसुद्धा मला. हिच्याकडे बघून, पण मला! घरी आल्यावर ही भिंतीकडे तोंड करून बसली ती दुसऱ्या दिवसापर्यंत. तेव्हाच ठरवलं, हिला कोणाच्या दारात न्यायचं नाही. आता एकटा गेलो, तर का नाही आणलंस म्हणणार. मला हिची लाज वाटते, असंही म्हणतील. मशीन बरं गं. मशीनला कोणी उलट विचारत नाही."

एवढा बोलका माणूस आणि मनात हे घेऊन फिरत होता. मला त्यांचा रागही आला आणि मायाही.

"आणि वहिनींना काय हवंय?" मी म्हटलं. "त्यांना विचारलंत?"

साहेब बायकोकडे वळले. सवयीने बोट वर गेलं. "सुनंदा, काकूकडे जायचं असल्यास एक..."

वहिनींनी पुढचं ऐकलंच नाही. काठी घेतली, उठल्या, देव्हाऱ्याखालचा खण डाव्या हाताने ओढला, त्यातून कुंकवाचा करंडा काढला आणि माझ्या हातात ठेवला. मी ख्रिश्चन बाई, आयुष्यात पहिल्यांदा करंडा हातात धरला. सांडेल म्हणून दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.

रविवारी सकाळी आम्ही चौघं नवघर रोडला गेलो. सुमतीकाकूंच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर त्यांचे दीर राहतात, म्हणजे साहेबांचे धाकटे काका, तेही रुसलेले. काकूंनी दार उघडलं ते तोंड फुगवूनच. समोर वहिनींना बघितलं आणि तोंड उतरलं.

वहिनींनी करंड्यात बोट बुडवलं. डावा हात. काकूंच्या कपाळाजवळ नेला आणि तिथेच थांबला. डाव्या हाताने कुंकू लावत नाहीत, हे मलासुद्धा माहीत. साहेब पुढे झाले, त्यांचा हात धरायला. पण त्याआधी काकूंनीच मान खाली वाकवली आणि आपलं कपाळ त्या बोटाला टेकवलं. कुंकू जरा तिरकं लागलं. काकूंनी ते तसंच ठेवलं.

आत बसलो. पाणी आलं. काकूंचे डोळे भरलेले होते आणि सवय वाईट असते. त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "दत्ता, जेवते का रे ही नीट?"

साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. मला वाटलं, आता उठणार आणि वहिनींना घेऊन निघणार. ते उठले नाहीत.

"काकू, ती तुझ्यासमोर बसलीय," ते म्हणाले. "तिला विचार."

काकू खुर्ची ओढून वहिनींच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "चुकलं माझं, सुनंदा. जेवतेस ना गं नीट?"

वहिनींनी जोरात नाही म्हणून मान हलवली. साहेबांकडे बोट दाखवलं. मग हवेत मूठभर मीठ टाकल्याची खूण केली आणि तोंड असं काही वाकडं केलं की विचारू नका.

"हा रांधतो?" काकू ओरडल्या. "अरे माझ्या कर्मा! आणि खातेस तू ते?"

आणि वहिनी हसल्या. नुसत्या डोळ्यांनी नाही. खळखळून, आवाज करून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकू हसल्या, मानसी हसली, आतून काकांनी विचारलं काय झालं, त्यांना कोणी सांगितलं नाही. काकू वहिनींचा हात सोडेनात. लग्नाच्या आधीपासून येऊन राहते म्हणाल्या, स्वयंपाकघर माझ्या ताब्यात दे म्हणाल्या, आणि हे सगळं वहिनींना विचारून. वहिनी मान डोलावत होत्या. वरच्या धाकट्या काकांकडेही आत्ताच जाऊन या, मी त्यांना फोन करते, असंही बजावलं.

आम्ही बाहेर पडलो. मानसी आईला धरून पुढे जिना चढायला लागली. साहेब मात्र खालच्याच पायरीवर बसले.

"साहेब, चक्कर येतेय का?"

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

"ऐकलंस का गं, मार्था?"

"काय?"

"ती हसली ते. तो तिचा आवाज. तस्साच आहे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला वाटलं होतं, तोही गेला."

"ऐकला, साहेब," मी म्हटलं. "चांगला मोठ्याने ऐकला."

वरच्या मजल्यावर वहिनींनी धाकट्या काकांच्या दारावरची बेल वाजवली होती. साहेब उठले आणि कठडा धरून भराभर वर चढायला लागले.